गाडी परत करायचा सीन

हेराकडे गाडी येते कुठून, हा प्रश्न मला साळवे बाईंनी विचारायला लावला. तोवर मीही तुमच्यासारखाच बघत होतो. मोठ्या पिक्चरमधला गुप्तहेर विमानातून उतरतो, त्याच्यासाठी चकचकीत गाडी उभी असते. कॅमेरा आधी गाडीच्या नाकावरच्या बिल्ल्यावर जातो आणि मग सवड मिळाली तर हेराच्या तोंडावर. पुढच्या भागात हेर तोच, गाडी नवी. देश वाचला का ते शेवटी कळतं. गाडीचं छत उघडतं हे मात्र मध्यंतराच्या आत कळलेलं असतं. त्या बिल्ल्याचे पैसे कंपनीनं दिलेले असतात आणि आपण तिकीट काढून जाहिरात बघून येतो. हे मी पत्रकात लिहिलं असतं, तर बाईंनी हे शेवटचं वाक्य ठेवलं असतं आणि वरचं सगळं खोडलं असतं.

शकुंतला साळवे. जामखेडच्या अलीकडे आमची वाडी आहे, तिथल्या शाळेत त्यांची अख्खी नोकरी गेली. वाडीतल्या कुणालाही त्यांचं पहिलं नाव उच्चारल्याचं आठवत नाही. बाई म्हटलं की त्याच. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा काढतात, बाईंनी हेरपट काढायला सुरुवात केली. मोबाईलवर. हेराचं नाव चंद्रा, आणि चंद्राचं काम करायची अर्चनाताई, जिची पिठाची गिरणी आहे. शूटिंगला ती गिरणी बंद करून तशीच यायची, भुवयांवर पीठ घेऊन. बाई म्हणायच्या, पुसू नकोस, तेच आपलं वेषांतर.

चंद्रा अणुबॉम्ब शोधत नव्हती. ट्रान्सफॉर्मरमधलं तेल कोण काढून नेतं, बोगस बियाण्याची पोती कुठं शिवली जातात, बांधाचे दगड कोण सरकवतं, हे शोधायची. सगळ्या भागांत मिळून तिच्या हातात एकदाही पिस्तूल आलं नाही. बॅटरी असायची, ती पण आपटल्यावर लागणारी.

शूटिंग कसं चालायचं ते सांगतो. बाई पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत, नऊवारी नव्हे, साधी सुती पाचवारी, कमरेला पदर खोचलेला, गळ्यात शाळेतली पीटीची शिट्टी. आधी हजेरी. नावं तोंडपाठ. सरपंच आला असला तरी "हजर" म्हटल्याशिवाय त्याचा सीन नाही. मग एक शिट्टी म्हणजे चालू, दोन शिट्ट्या म्हणजे बंद. पोरं गलका करायला लागली तर तिसरी शिट्टी नव्हती, नुसती नजर होती.

माझी पत्रकंही त्यांच्या हाताखालून जायची. वाडी ते जामखेड रस्ता व्हावा म्हणून मी कॉलेजात असल्यापासून पत्रकं वाटतोय. तो रस्ता म्हणजे काय आहे ते त्यावरून एकदा बाळंतीण नेल्याशिवाय कळणार नाही. बाई लाल पेन घेऊन बसायच्या आणि उद्गारचिन्हं एकेक करून खोडायच्या. "ओरडतोस कशाला, पशा? लोकांना आवाज आठवतो, म्हणणं आठवत नाही." 'जाहीर धिक्कार' मी प्रत्येक पत्रकात घालायचो आणि प्रत्येक पत्रकातून तो निघायचा.

आता मुद्दा. चंद्राला गाडी नव्हती. पहिल्या भागात बाईंनी जालूभाऊची जीप मागून घेतली. जालूभाऊ वाडीहून जामखेडला सीटा भरायचा. शूटिंग संपलं आणि जीप चिखलानं माखलेली, एक आरसा तुटलेला, अशी त्याच्या दारात लावून सगळे घरी गेले.  सकाळी बाईंच्या घरावरून जाताना जालूभाऊ रोज हॉर्न द्यायचा, तो बंद झाला. बाईंना ते लागलं.

म्हणून दुसऱ्या भागात त्यांनी पहिला सीन तोच घेतला. चंद्रा जीप परत करायला येते. जीप धुतलेली, टाकी भरलेली, नवा आरसा. जालूभाऊ बनियनवर दारात उभा.

"मी काय म्हनू?" त्यानं विचारलं.

"तुला वाटेल ते. मालकाला एक वाक्य असतं."

जालूभाऊनं जीपला एक फेरी मारली. आरशात स्वतःच्या मिशा बघितल्या. म्हणाला, "आरसा बसिवला व्हय? मग बरं."

ते वाक्य वाडीत असं चाललं की पोरं एकमेकांचं पेन परत घेताना सुद्धा तेच म्हणायला लागली. तेव्हापासून नियम झाला. प्रत्येक भागात चंद्रा कुणाची तरी गाडी मागून घेणार, आणि शेवटचा सीन गाडी परत करायचा. धुऊन, टाकी भरून. मालक मालकाचंच काम करणार आणि त्याला एक वाक्य मिळणार. ते बाई लिहून देत नसत. आधी विचारतही नसत.

मग लोकांची रांग लागली. दुधाचा टेम्पो, बँडवाल्याची गाडी, ट्रॅक्टर. काष्टीच्या बाजारातून बैलजोडी घेऊन निघालेला एक पाव्हणा वाडीत मुक्कामाला होता, त्यानं स्वतः होऊन बैल चंद्राच्या हाती दिले. परत घेताना कॅमेऱ्यासमोर म्हणाला, "पानी पाजलं न्हाई तुमी. डोळं बघा त्येंचं." बाईंनी दोन शिट्ट्या मारल्या, बैलांना पाणी पाजलं, आणि ते वाक्य तसंच ठेवलं. आपली चूक पडद्यावर दिसू देणारा दिग्दर्शक मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि गोदाआजी. तिचा नवरा वारल्यापासून त्याची मोपेड गोठ्यात पोत्याखाली उभी होती. तिनं बाईंना बोलावून सांगितलं, "माझी बी घ्या की. निस्ती हुबी हाय." मेकॅनिककडून ती चालू करून घेतली. चंद्रा त्या मोपेडवर बियाण्याच्या चोरामागं गेली. शेवटी गाडी आजीच्या अंगणात लावली. शिट्टी झाली, सगळे वाट बघतायत. आजीनं पुढं होऊन सीटवर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. मग म्हणाली, "ऊन हाय अजून."

बाई दोन शिट्ट्या मारायला विसरल्या. त्या एकदाच विसरल्या असं मी तेव्हा समजत होतो.

पिक्चर शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून दाखवायचे. लोक खाली मातीत बसायचे. एकदा चादर बांधताना बाई मला म्हणाल्या, "माझ्या बापानं सगळे सिनेमे पडद्याच्या मागून बघितले. तंबू लागायचा जत्रेत. मागच्या बाजूला बसायची आमची जागा. अक्षरं उलटी, हिरो डावखुरा. तो मला सिनेमातली मारामारी सांगायचा, तर डाव्या हातानं करून दाखवायचा." मागच्या बाजूला कोण बसायचं आणि का, हे मला सांगायची गरज त्यांना वाटली नाही. पुढं म्हणाल्या, "माझी एवढीच इच्छा आहे. नगरच्या थेटरात एकदा चंद्रा लागावी. गाड्या देणारे सगळे खुर्च्यांवर, समोरून. मग मी शिट्टी ठेवून देईन."

ही इच्छा लक्षात ठेवा. शोरूमवाल्यांनी नेमकी तीच हेरली.

नगरच्या एका मोटारीच्या शोरूममधून मॅनेजर आला. गाडीचं नाव लिहीत नाही, आणखी फुकट जाहिरात कशाला. मॅनेजर सभ्य होता, हे मला कबूल करावं लागतं, आणि त्याचाच मला राग येतो. चप्पल बाहेर काढून आत आला. चहा बशीत ओतून प्यायला.

"मॅडम, आम्ही सगळे भाग मोबाईलवर बघितलेत. पुढच्या भागाला गाडी आमची. खर्च आमचा. आणि नगरला मोठ्या थेटरात शो, तुमच्या सगळ्या गावाला गाड्या पाठवू."

बाईंनी बशी खाली ठेवली. "आणि तुमचं काय?"

"आमचं काही नाही. फक्त गाडी चंद्राची स्वतःची पाहिजे. उसनी गाडी ॲस्पिरेशनल वाटत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आपल्याकडेही अशी असावी."

"आणि आत्ता काय वाटतं?"

मॅनेजर हसला. "आत्ता वाटतं, शेजाऱ्याकडे मागावी."

"मग त्यात वाईट काय आहे?"

यावर त्यानं अटी सांगायला सुरुवात केली. गाडीला चिखल लागलेला दिसायला नको. गाडी बंद पडायला नको. वाडीच्या रस्त्यावर न्यायची नाही, शूटिंग हायवेवर. चोर कंपनीच्या गाडीत बसणार नाहीत. चोरांना दुसरी, जुनी गाडी द्यावी. आणि शेवटचं संकलन त्यांच्याकडं.

मॅनेजर गेल्यावर मी बाईंवर तुटून पडलो. म्हणालो, ही जाहिरात आहे. म्हणालो, ज्या रस्त्यासाठी मी पत्रकं वाटतोय तो रस्ताच तुम्ही पिक्चरमधून काढून टाकताय. उद्या नगरचे लोक म्हणतील, यांना काय कमी आहे, गुळगुळीत रस्त्यावर गाड्या पळतायत.

"झालं बोलून?" त्या म्हणाल्या. "किती उद्गारचिन्हं झाली मोज."

"बाई, तुम्ही विकत जाताय."

"गोदाआजीला मी खुर्चीवर बसवून पिक्चर दाखवणार आहे. त्याला तू काय नाव देशील ते दे." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि परत करायचा सीन मी घेणारच आहे. गाडी शोरूमला परत करायची. धुऊन, टाकी भरून. त्यांना आवडेल बघ. घेतलेली वस्तू परत येते, यापेक्षा दुकानाची मोठी अब्रू काय?"

ही बाईंची चूक. त्यांना खरोखर वाटत होतं की शोरूमला हे आवडेल. आयुष्यभर पोरांना पट्टी, पेन, वही परत करायला शिकवलेल्या बाईला हे कसं कळावं, की शोरूमच्या दृष्टीनं परत आलेल्या गाडीइतकी अशुभ गोष्ट दुसरी नाही.

शूटिंग बायपासजवळच्या चौपदरी रस्त्यावर झालं. शोरूमचा एक माणूस पिवळं फडकं घेऊन उभा असायचा आणि प्रत्येक शॉटनंतर गाडी पुसायचा. सीटचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. अर्चनाताई बसायला गेली तर तो म्हणाला, "ताई, जरा झटकून बसा." तिच्या भुवयांवरचं पीठ त्या दिवशी पहिल्यांदा पुसलं गेलं. ओल्या रुमालानं तिनं तोंड स्वच्छ केलं आणि आम्हाला ती चंद्रा वाटेना.

चोरांच्या गाडीचा प्रश्न होता. वाडीत जुनी म्हणावी अशी जालूभाऊचीच जीप. बाई स्वतः त्याच्याकडं गेल्या, मी बरोबर होतो.

जालूभाऊ पान्यानं काहीतरी आवळत होता. ऐकून घेतलं. "म्हंजी माझ्या जीपमदी चोर बसनार?"

"पिक्चर आहे रे."

"ती बी बंद पडनार, आन् तुमची नवी गाडी फुडं जानार?"

बाई जीपच्या नव्या आरशाकडं बघायला लागल्या.

"न्या," तो म्हणाला. "तुमी मागताय म्हनून न्या. पर माझं वाक्य?"

"परत करायच्या सीनमध्ये तूही आहेस," बाई म्हणाल्या. आणि तसं त्यांनी खरंच केलं. शेवटच्या दिवशी शोरूमच्या फाटकात दोन्ही गाड्या उभ्या केल्या, नवी आणि जीप, दोन्ही धुतलेल्या. चंद्रानं मॅनेजरच्या हातात किल्ली दिली. बाई म्हणाल्या, मालकाला एक वाक्य असतं. मॅनेजर लाजला, टाय सारखा केला आणि म्हणाला, "परत लागली तर या." चांगलं वाक्य होतं. मनापासून म्हणाला होता. जालूभाऊ जीपच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "चोराच्या हातनं सुटली एकदाची." सगळे हसले, मॅनेजरही हसला. बाईंनी दोन शिट्ट्या मारल्या. त्या दिवशी त्यांच्याइतकं आनंदी माणूस नगर शहरात नसेल.

थेटरातला शो दुपारचा होता. वाडी नटून आली होती. मधल्या आणि मागच्या चांगल्या खुर्च्या शोरूमच्या गिऱ्हाईकांना, आमच्यासाठी अगदी पुढच्या रांगा, जिथून मान वर करून बघावं लागतं. मी काहीतरी बोलणार तोच बाईंनी माझा दंड धरला. "समोरून बघतायत ना? बस झालं." गोदाआजी खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती, कारण बसल्यावर खुर्ची आपोआप मिटेल अशी तिला भीती होती.

पडद्यावर गाडी आली. ती किती आली ते विचारू नका. उजवीकडून आली, डावीकडून आली, वरून आली. चंद्रा दार उघडते तेव्हा दार दिसतं, चंद्रा विचार करते तेव्हा स्टिअरिंग दिसतं. चोरांची जीप खोकत थांबली आणि नवी गाडी तिच्या बाजूनं सर्रकन गेली, तेव्हा मागच्या खुर्च्यांवर मोठा हशा पिकला. मी जालूभाऊकडं बघितलं. तो पडद्याकडं बघत हळूच म्हणाला, "क्लच प्लेट बदलली हाय तिची. न्हाई बंद पडत ती."

चोर सापडले. चंद्रा गाडीत बसली, गाडी हायवेनं सूर्याकडं निघाली, बिल्ला चमकला, शोरूमचा पत्ता आला. दिवे लागले.

मागचे लोक उठले, बाहेर चहा होता. पुढच्या रांगांमधलं कुणीही उठलं नाही. वाडी तशीच बसून राहिली, माना वर करून, पांढऱ्या रिकाम्या पडद्याकडं बघत. त्यांना पिक्चर संपलाय हे कळलंच नव्हतं. गाडी परत व्हायची होती.

झाडू घेऊन आलेला माणूस म्हणाला, "संपला, मावशी."

गोदाआजी त्याला म्हणाली, "आरं, गाडी द्यायची ऱ्हायलीय अजून."

बाई उठल्या, वळून आमच्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. शाळा सुटताना उभ्या राहायच्या तशा. शिट्टी गळ्यात होती, तिला हात लावला नाही. "चला," एवढंच म्हणाल्या. बाहेर मॅनेजर भेटला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. वरच्यांनी तो सीन काढला मॅडम, तो म्हणाला, माझं वाक्य पण गेलं. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी ठेवला नसता.

बाहेर शोभेला ठेवलेल्या नव्या गाडीपाशी शहरातला एक गृहस्थ आमच्या सरपंचांना म्हणत होता, "छान आहे हो तुमच्याकडचा रस्ता."

मला वाटलं होतं, झालं ते झालं, पुढच्या भागात आपण आपल्या मार्गाला लागू. तसं झालं नाही आणि मला आजवर सर्वांत जास्त चीड याची आहे. बाई पुढच्या भागासाठी गाडी मागायला निघाल्या. कुणी नाही म्हटलं नाही. टेम्पोची बॅटरी उतरली होती. ट्रॅक्टरचं टायर गेलं होतं. बँडवाला म्हणाला, "आमची कशाला बाई, लई मळकी हाय ती." दुसऱ्या एकानं स्पष्टच विचारलं, "चोरासाठी पायजे का चंद्रासाठी?" त्याच गाड्या होत्या, ज्यांच्यासाठी रांग लागली होती. आता मालकांना त्या दिसायला लागल्या होत्या. रंग उडालेल्या, चेपलेल्या, ठिगळाच्या सीटच्या. जाहिरात फक्त नवी गाडी विकत नाही, अंगणातल्या गाडीची लाज पण वाटायला लावते, आणि ती फुकटात वाटून जाते. जालूभाऊनं तेवढी स्वतः होऊन जीप देऊ केली. बाईच म्हणाल्या, नको. आता तुझ्यासमोर कुठल्या तोंडानं मागू?

चंद्रा थांबली. चादर शाळेच्या कपाटात गेली. बाई थकल्या, श्वासाचा त्रास सुरू झाला, पुण्याहून लेक न्यायला येणार असं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बाई माझ्या दारात आल्या. मागं अर्चनाताई, भुवयांवर पीठ.

"पशा, तुझी मोटरसायकल पाहिजे."

"कुणाला?"

"चंद्राला."

माझी मोटरसायकल म्हणजे मडगार्ड तारेनं बांधलेली, हँडलला पत्रकांची पिशवी अडकवायचा हुक. दिली. अर्चनाताई पुढं, बाई मागं, हातात मोबाईल. आमच्याच रस्त्यानं गेल्या. खड्ड्यांतून दोघी वर खाली होताना मला वळणापर्यंत दिसत होत्या.

ऊन कलायच्या आत परत आल्या. गाडी धुतलेली होती. मडगार्डची तार काढून तिथं नट बसवला होता. टाकी भरलेली असणार, मी उघडून बघितली नाही. अर्चनाताईनं किल्ली माझ्या हातात दिली. बाई मोबाईल धरून समोर उभ्या राहिल्या, धाप लागली होती, तरी शिट्टी वाजवली. एक.

"बोल," त्या म्हणाल्या. "मालकाला एक वाक्य असतं."

मी, जो पान दोन पानं एका बैठकीत लिहितो, ज्याला सभेत खाली बसवावं लागतं, तो किल्ली धरून उभा. त्या थांबल्या. घाई केली नाही. वर्गात एखाद्याला उत्तर येत नसलं की थांबायच्या तशा थांबल्या. मग हसून म्हणाल्या, "राहू दे. सापडलं की सांग."

दुसऱ्या दिवशी लेक घेऊन गेली. पुण्यातच वारल्या बाई, त्याच थंडीत.

बाईंनी पाठवलेली ती क्लिप अर्चनाताईच्या मोबाईलवर आहे. पिठाच्या बोटांनी तिनं मला दाखवली. धुतलेली मोटरसायकल, बाजूला मी, तोंड उघडून मिटणारा. मग बाईंचं "सापडलं की सांग." बंद करायच्या दोन शिट्ट्या त्यात नाहीत. मोबाईल बंद करायचा राहिला आणि बाईंच्या हातात लोंबकळत तसाच चालू राहिला. पुढं बराच वेळ नुसता आमचा रस्ता दिसतो, खडी, खड्डे, एका खड्ड्यात साचलेलं पाणी, आणि त्याच्या कडेकडेनं, वाळकी जागा बघून, एक एक पाऊल टाकत घराकडं निघालेले पांढरे कॅनव्हासचे बूट.